परतीचा फेरा

“बाई, बावीस वेळा मोजलंय. आणखी किती वेळा मोजू?”

गुळवणीबाईंनी हातातला कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. पुन्हा सुलटा केला.

“बावीसही वेळा तोच आकडा,” सौमित्र म्हणाला. “अडुसष्ट पिकोसेकंद. फार तर एखादा इकडे, एखादा तिकडे.”

“हं…”

“हं म्हणजे काय, बाई? पाच वाजता फोन आहे माझा!”

दुपारचे अडीच वाजले होते. भर वैशाखातली गोष्ट. बाहेर डांबर वितळत होतं आणि आम्ही तिघं तळघरात स्वेटर घालून बसलो होतो. लेसरला एकवीस अंश लागतात. माणसांना काय लागतं ते इथे कुणी विचारत नाही.

मी पवळे. पंप, नळ्या, व्हॉल्व्ह, गॅसचे सिलिंडर, रसायन तापवायची वाटी, सगळं माझ्याकडे. तेहतीस वर्षं झाली. मी काही शास्त्रज्ञ नाही आणि तसा आवही आणत नाही. कान मात्र शाबूत आहेत, म्हणून जे ऐकलं ते सांगतो.

सौमित्र वायंगणकर म्हणजे बाईंचा विद्यार्थी. पीएच.डी.चं शेवटचं वर्ष. पोरगा हुशार, यात वाद नाही. नाकावर माशी बसू द्यायचा नाही, यातही वाद नाही. आणि त्या दिवशी तर पायाला भिंगरी लागलेली. टेबलापासून दारापर्यंत, दारापासून टेबलापर्यंत.

त्याला बाईंची सही हवी होती. सही झाली की त्याचा लेख छापायला जाणार. पाच वाजता परदेशातले कुणी डॉ. हॅलस्ट्रम फोन करणार. आकडा काय आला ते विचारणार. आकडा पटला तर तिकडची दोन वर्षांची जागा ह्याची. जागा एक आणि तिच्यावर डोळा ठेवून बसलेले आणखी दोघं. ह्याच्या आईने चिपळुणात गल्लीभर सांगून टाकलं होतं, आणि एका काकूंनी तर तिकडच्या थंडीसाठी कानटोपी विणायला घेतली होती.

बाईंनी चष्मा काढला.

“सांग बघू, काय मोजलंस.”

“बाई, तुम्हाला माहीत आहे.”

“पवळ्यांना सांग.”

मला कशाला मध्ये ओढता, असं अगदी तोंडावर आलं होतं. पण बाईंना उलट बोलायची सोय नाही.

सौमित्रने सुस्कारा सोडला. लहान पोराला समजावावं तसं मला सांगायला लागला. जसं काही हे सगळं ज्यात घडतं ते पोकळीचं पातेलं मी रोज घासत नाही!

“काका, फिनॉलचा एक रेणू आणि अमोनियाचे दोन-तीन. गारठवून एकत्र आणले की ते एकमेकांना धरून बसतात. फिनॉलच्या टोकाला हायड्रोजन आहे, तो अमोनियाकडे ओढला जातो. हाच हायड्रोजन बंध. आता लेसरचा पहिला ठोका त्या घोळक्याला धक्का देतो. दुसरा ठोका बघतो की ते अजून धरून आहेत की सुटले.”

“दोन ठोक्यांच्या मध्ये किती वेळ?” बाईंनी विचारलं.

“तेच तर वाढवत न्यायचं. शून्यापासून दोनशे पिकोसेकंदांपर्यंत.”

आता पिकोसेकंद म्हणजे काय, तर एका सेकंदाचे लाख कोटी तुकडे करायचे आणि त्यातला एक उचलायचा. असलं घड्याळ कुणी बनवलेलं नाही. म्हणून दुसऱ्या ठोक्याला थोडं लांबून आणतात. रुळावर एक आरसा आहे. तो केसाच्या जाडीइतका मागे सरकवला की प्रकाशाला अर्धा पिकोसेकंद उशीर होतो. आरसा तीन सेंटिमीटर मागे गेला की झाले दोनशे. एका फेऱ्यात आरसा शंभर ठिकाणी थांबतो. प्रत्येक थांब्याला पडद्यावर एक ठिपका उमटतो. ठिपका जितका वर, तितके घोळके अजून शाबूत.

सौमित्रच्या कागदावर ते ठिपके डावीकडे उंच होते आणि उजवीकडे जाता जाता गुळगुळीत उतरत होते. बघायला सुरेख. खोटं कशाला बोलू, मलाही छान वाटलं होतं.

“फेरा किती वेळाचा?” बाई म्हणाल्या.

“चाळीस मिनिटांचा.”

“जाऊन येऊन?”

सौमित्र थांबला. पहिल्यांदाच.

आमच्या इथे बाईंचा एक दंडक आहे. आरसा लांब न्यायचा आणि मग तसाच एक एक थांबा घेत परत आणायचा. जाताना मोजायचं, येतानाही मोजायचं. बाई रुजू झाल्या तेव्हापासूनची ही रीत.

“नुसतं जाऊन,” तो म्हणाला. “परतीचा फेरा मी बंद केला.”

“का रे?”

“घाण येतो हो तो, बाई! परत येईपर्यंत वाटीतलं फिनॉल संपत आलेलं असतं. सिग्नल पार खाली गेलेला. सगळा गोंधळ. त्यापेक्षा मी काय करतो, पवळेकाकांकडून वाटी ताजी भरून घेतो, शून्यापासून सुरू करतो, दोनशेला थांबवतो. मग पुन्हा ताजी वाटी. स्वच्छ काम.”

“वाटी किती गरम ठेवतोस?”

“पूर्वीपेक्षा दहा अंश जास्त. सिग्नल जोरात येतो.”

“बरं…” बाई म्हणाल्या.

त्या ‘बरं’ला शेपूट होतं. मला ऐकू आलं. सौमित्रला आलं नाही, कारण तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

“बाई, तुम्हाला शंका असेल तर सरळ सांगा ना. मी उत्तर देतो. माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आहे.”

“ते दिसतंय.”

“मग?”

बाईंनी त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं. कागद टेबलाच्या कडेवर ठेवला आणि सही केली. खाली तारीख घातली. कागद त्याच्या हातात दिला.

सौमित्र बघतच राहिला. मीसुद्धा.

“झाली?” तो म्हणाला.

“झाली.”

“म्हणजे… पाठवू?”

“तुझा लेख आहे.”

पोरगं एकदम खुललं. वाकून नमस्कारच करणार होता, पण मध्ये लेसरची नळी होती.

“फोनला अजून वेळ आहे,” बाई म्हणाल्या. “तोवर एक फेरा काढू. मला बघायचाय.”

“काढू की! काका, वाटी भरता?”

“परतीचा,” बाई म्हणाल्या.

“अं?”

“वाटी ताजी भरायची. आरसा दोनशेवर न्यायचा. तिथून सुरू करून शून्याला यायचं.”

सौमित्र हसला. अगदी मनापासून हसला.

“बाई, काळ उलटा जात नाही!”

“कुणाचा?”

“रेणूचा.”

“मग काय बिघडतंय?” बाई म्हणाल्या. “दोनशेवर तुझा ठिपका तळाला असेल. शून्यावर वर असेल. आज उतारावरून न येता चढावरून येऊ. डोंगर तोच ना?”

“तोच.”

“मग कर.”

मी हातमोजे चढवले. फिनॉल कातडीला लागलं तर भाजतं, त्यामुळे तिथे घाई चालत नाही. वाटी भरली, बसवली, झाकण आवळलं, पंप लावला. पोकळी तयार व्हायला थोडा वेळ लागतोच. तेवढ्यात सौमित्रने तीनदा विचारलं, झालं का. तिसऱ्यांदा मी म्हणालो, “तूच येऊन फुंकर मार, म्हणजे लवकर होईल.”

बाई हसल्या नाहीत.

सव्वातीनला फेरा सुरू झाला. व्हॉल्व्ह तडतडायला लागला. आरसा मागच्या टोकाला जाऊन बसला.

पहिला ठिपका पडला.

वर.

पडद्याच्या अगदी वरच्या रेघेला.

सौमित्र पुढे वाकला. “हे काय… दोनशेवर असं कसं येईल? हा चुकून आलाय.”

दुसरा ठिपका आला. तोही वर. तिसराही.

“काका, व्हॉल्व्ह बघा.”

“व्हॉल्व्ह ठीक आहे.”

“बघा म्हटलं ना!”

बघितला. ठीक होता.

“मग पंप. पंपाचा आवाज वेगळा येतोय.”

आता मात्र माझं डोकं तापलं. “अरे बाबा, तेहतीस वर्षं तो आवाज ऐकतोय मी. पंपाला काही झालेलं नाही. स्वतःचं बघ की जरा!”

तो माझ्याकडे वळला. चेहरा लाल झाला होता. काहीतरी जिव्हारी लागेल असं बोलणार होता, पण तेवढ्यात दहावा ठिपका पडला आणि तो पहिल्यापेक्षा जरासा खाली होता.

अकरावा आणखी खाली.

मग मला समजलं. मी अडाणी माणूस, पण वाटी माझ्या हातची होती. ताजी वाटी म्हणजे भरपूर वाफ. भरपूर वाफ म्हणजे भरपूर घोळके. वाटी संपत जाईल तसे घोळके कमी. मग आरसा पुढे जावो नाहीतर मागे येवो, ठिपका उतरणारच. बावीस वेळा मी इमानाने वाटी भरून दिली होती आणि बावीस वेळा ती इमानाने संपली होती.

सौमित्रला कधी समजलं ते सांगता येत नाही. पंधराव्या ठिपक्याला त्याने माऊसकडे हात नेला.

“बंद करतो.”

“राहू दे,” बाई म्हणाल्या.

“बाई, काय उपयोग आहे? दिसतंय ना!”

“पंच्याऐंशी राहिलेत.”

“अहो, पण…”

“बस खाली.”

तो बसला. उठला. दारापर्यंत गेला. दार उघडलं तर बाहेरची उष्ण हवा आत आली, म्हणून मी ओरडलो, दार लाव. लावलं. परत आला. नखं खायला लागला. ह्या पोराला नखं खाताना मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

ठिपके उतरत होते. तोच उतार. तीच सुरेख गुळगुळीत रेघ. फक्त आरसा उलटीकडून घरी येत होता.

“असं बघितलं तर,” सौमित्र अर्धवट स्वतःशीच म्हणाला, “धक्का मारल्यावर घोळके आधी कमी आणि मग हळूहळू जास्त होतायत. म्हणजे सुटलेले रेणू परत जुळतायत…”

“लिहितोस?” बाई म्हणाल्या.

“काय?”

“हेसुद्धा लिहिता येईल. आकडा कितीचा येईल?”

आकडा त्याला न मोजता माहीत होता. अडुसष्ट.

…

चाळीस मिनिटं फार मोठी असतात. आम्ही तिघंही पडद्याकडे बघत होतो. मध्ये एकदा त्याचा फोन वाजला. आईचा होता. त्याने कापला.

शेवटचा ठिपका शून्यावर पडला. तळाला.

व्हॉल्व्ह थांबला. एकदम शांत झालं. पंपाची घरघर तेवढी उरली.

“बावीस,” सौमित्र म्हणाला. “बावीस फेरे एकीकडे. हा एक दुसरीकडे.”

बाई पडद्यावरचे ठिपके मोजत होत्या.

“एका फेऱ्यावरून काही ठरत नाही. हे तुम्हीच शिकवलंत. लेसर हलला असेल. व्होल्टेज वरखाली झालं असेल. काहीही असू शकतं.”

बाईंचं मोजणं चालूच.

“हा फेरा…” त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. “हा फेरा ठेवलाच पाहिजे असं कुठे आहे? फाईल आपल्याच संगणकावर आहे.”

खरं सांगतो, मला त्याचा राग आला नाही. पोराचा जीव टांगणीला लागला होता. चार वर्षांचं काम चाळीस मिनिटांत जमिनीवर आलं, आणि तासाभराने तिकडचा माणूस फोन करणार. मी त्याच्या जागी असतो तर? देव जाणे. मी नळ्यांकडे वळलो आणि उगाचच एक आवळलेला नट पुन्हा आवळला.

सहीचा कागद मघाच्या धावपळीत खाली पडला होता. बाई वाकल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तरी वाकल्या. कागद उचलला, धूळ झटकली, त्याच्यासमोर ठेवला.

“पाठवायचा तर पाठव.”

“बाई!”

“सही खरी आहे.”

“तुमची चेष्टा चाललीय का माझी?” तो ताडकन उभा राहिला. “तुम्हाला आधीच कळलं होतं! मी परतीचा फेरा बंद केला म्हणालो तेव्हाच कळलं होतं. मग तेव्हाच का नाही सांगितलंत? सही कशाला केलीत?”

“मला नव्हतं कळलं.”

“खोटं!”

हा शब्द त्याच्या तोंडून गेला आणि तो स्वतःच दचकला. बाईंना असं कुणी बोलत नाही. मी पाना हातात धरून तसाच उभा.

बाईंनी चष्मा स्वेटरला पुसला.

“कसं कळणार?” त्या म्हणाल्या. “मी मोजलं नव्हतं.”

…

“मग सही?”

“तू मागितलीस.”

सौमित्र मटकन खाली बसला. दोन्ही हातांनी डोकं धरलं. मला वाटलं, रडतोय. रडत नव्हता. मान खाली घालूनच बोलला.

“बाई… समजा, मी हा पाठवला. तर तुम्ही काय कराल?”

“काही नाही.”

“कुणाला सांगाल?”

“नाही.”

“रागवाल?”

“पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतेय. आता रागवायला वेळ कुठाय?”

“आणि तुमचं नाव? लेखावर तुमचंही नाव आहे. उद्या दुसऱ्या कुणी मोजलं आणि चूक सापडली तर?”

“तर दोघांची सापडेल.”

हे त्या इतकं सहज म्हणाल्या की तो वर बघायलाच लागला. तेहतीस वर्षांत ह्या बाईंनी एक आकडा मागे घेतलेला नाही. इथल्या शिपायालाही ते ठाऊक आहे. आणि शेवटच्या लेखावर डोळे उघडे ठेवून सही करून दिली.

सौमित्र कागदाकडे बघत राहिला. मग उठला. कागदाची घडी केली. खिशात घातली. फाडला नाही, तसलं काही केलं नाही. घडी करून खिशात.

“काका,” तो म्हणाला, “वाटी भरून द्याल?”

त्या ‘द्याल’मध्ये पहिल्यांदाच विनंती होती. मी भरून दिली.

“वाटी दहा अंश खाली आणा,” तो म्हणाला. “पूर्वी होती तिथे.”

आणली. कमी गरम वाटी हळू संपते.

मग तो संगणकाशी बसला. आरशाचे शंभर थांबे त्याने पत्ते पिसावेत तसे पिसून टाकले. आधी दीडशेवर, मग सातवर, मग एकशे ऐंशीवर, मग नव्वदवर. जाणं नाही, येणं नाही. वाटी संपली तरी तिचा खड्डा कुठल्या एका बाजूला पडणार नाही. हे मला त्याने सांगितलं नाही, मी त्याच्या बोटांवरून ओळखलं.

बाईंनी मान हलवली नाही, शाबासकी दिली नाही. चष्मा लावला, बस्स.

चार वाजून दहा मिनिटांनी फेरा सुरू झाला.

हा फेरा पहिल्यापेक्षा वाईट. उतार असता तर उतार दिसला असता. इथे ठिपका एकदा ह्या टोकाला, एकदा त्या टोकाला, आरसा रुळावर सैरावैरा. चित्र काय होतंय ते संपेपर्यंत समजणार नव्हतं. सौमित्र प्रत्येक ठिपक्याला पुढे वाकायचा आणि मागे व्हायचा. पाय हलत होते. खुर्ची कुरकुरत होती. मी म्हणालो, टेबलाला धक्का लागेल, तेव्हा तो खुर्ची मागे सरकवून भिंतीला टेकून उभा राहिला आणि भिंतीवर बोटं वाजवायला लागला.

“बाई, तुमचं असं कधी झालंय?”

“कसं?”

“असं… सगळं हातातून गेल्यासारखं.”

“तुझ्या हातात काय होतं?”

त्याची भिंतीवरची बोटं थांबली.

साडेचार झाले. चार चाळीस. मला घाम फुटला, एकवीस अंशात.

पाचाला दहा कमी असताना शंभरावा ठिपका पडला.

तिघंही जवळ आलो.

डोंगर नव्हता. उतार नव्हता. ठिपक्यांचा एक जाडसर पट्टा, आडवा, अंगणात दाणे पसरल्यासारखा. डाव्या टोकाला, अगदी शून्याजवळ, तीन ठिपके बाकीच्यांपेक्षा थोडे वर. फार नाही, बोटभर.

सौमित्रने त्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं.

“हे खरे आहेत का, बाई?”

“मला काय विचारतोस?”

“इथे काहीतरी आहे. पहिल्या दोन-तीन पिकोसेकंदांतच सगळं होऊन जात असेल. मी लांब लांब बघत बसलो आणि ते इथेच…” बोलता बोलता त्याचा हात माऊसवर गेला. रेघ जुळवायची, आकडा काढायचा. सवयच ती. एक कळ दाबली की संगणक आकडा देतो. तीन ठिपक्यांवरूनही देतो, त्याला कुठे लाज आहे?

बोट कळीवर टेकलं.

बाई बघत होत्या. मी बघत होतो.

बोट तसंच राहिलं… मग उचललं गेलं.

“तीनच आहेत,” तो म्हणाला.

“हो.”

“योगायोगही असेल.”

“असेल.”

“किंवा नसेल.”

“किंवा नसेल.”

“महिना लागेल, बाई. इथे दाट थांबे घ्यायचे, जाऊन येऊन, पिसून, सगळं पहिल्यापासून. महिना नाही, तीन महिने. तोपर्यंत ती जागा जाईल.”

“जाईल बहुतेक.”

मला वाटलं होतं, आता बाई काहीतरी धीर देतील. दुसरी जागा मिळेल, तू हुशार आहेस, असं काहीतरी. माणूस म्हणतो की नाही? नाही म्हणाल्या. मला त्यांचाच राग आला तेव्हा. असं कोरडं असावं का माणसाने!

तेवढ्यात फोन वाजला.

पाचला दोन मिनिटं कमी होती. तिकडची माणसं वेळेआधी फोन करतात हे मला नवीनच कळलं. टेबलावर फोन थरथरत होता आणि पडद्यावर हॅलस्ट्रम असं नाव.

सौमित्रने हात पुढे केला, मागे घेतला. खिशावर ठेवला. खिशात घडी होती, सही होती, अडुसष्टचा आकडा होता. एक वाक्य बोलायचं, की झालं. आठवडाभर तो आरशासमोर उभा राहून ते वाक्य घोकत होता. मी स्वतः ऐकलं होतं, इथल्याच बाथरूमच्या बाहेरून. छाती पुढे काढून, घोटून घोटून तयार केलेल्या आवाजात.

फोन वाजत होता.

“बाई, काय सांगू मी?”

“काय विचारतील?”

“आकडा. किती पिकोसेकंद ते विचारतील.”

“मग?”

“मग काय मग?” त्याचा आवाज फाटला. कोकणातला हेल, जो त्याने चार वर्षं दाबून ठेवला होता, तो एकदम वर आला. “मला म्हायत नाय हो, बाई! काय एक म्हायत नाय मला!”

तळघरात ते घुमलं. डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

फोन पाचव्यांदा वाजला.

बाईंनी तो उचलून त्याच्या हातात ठेवला.

“हेच सांग,” त्या म्हणाल्या. “पण ह्याच आवाजात.”